जन्मशकावरून वय आणि पिढी : मराठ्यांच्या इतिहासलेखनातील कालगणनेचे काही प्रश्न

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासात व्यक्तीचे वय सांगणे ही अत्यंत प्राथमिक स्वरूपाची बाब समजली जाते. मृत्यूच्या वर्षातून जन्माचे वर्ष वजा केले की वय निघते आणि एका शतकात चार पिढ्या धरल्या की वंशावळीचा काळ ठरतो, असा सर्वसाधारण समज आहे. पाठ्यपुस्तके, चरित्रग्रंथ आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध यांमध्ये या समजावर आधारलेली विधाने सातत्याने आढळतात. तथापि मराठ्यांच्या इतिहासाची साधने ज्या कालगणनांत लिहिली गेली, त्यांचे स्वरूप लक्षात घेता ही वजाबाकी आणि हा गुणाकार दोन्ही पुष्कळदा चुकीच्या निष्कर्षाप्रत नेतात. वय हे केवळ दोन आकड्यांतील अंतर नसून ते एका विशिष्ट कालगणनेतील अंतर असते. आणि पिढी हे नाते असते, वर्षांची पटी नव्हे. हा मुद्दा काही सुपरिचित उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करणे आणि त्याचे सामाजिक महत्त्व दर्शविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

उद्दिष्टे

१. शक, हिजरी व इसवी या कालगणनांत वय काढताना पडणाऱ्या फरकांची कारणे पाहणे.
२. वंशावळीतील पिढी आणि समवयस्कांची पिढी या दोन संकल्पनांतील भेद स्पष्ट करणे.
३. जन्मनोंदीच्या अभावाचा वयनिश्चितीवर आणि पर्यायाने कायद्यावर झालेला परिणाम तपासणे.

शक आणि इसवी सन यांतील अंतर

शालिवाहन शकात ७८ मिळविले असता इसवी सन येतो, हा नियम सर्वांस ठाऊक आहे. परंतु शकवर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेस सुरू होते आणि इसवी वर्ष १ जानेवारीस. त्यामुळे चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंतच्या तिथींना सामान्यतः ७८, तर माघ व फाल्गुन या महिन्यांतील तिथींना ७९ मिळवावे लागतात. पौष महिना दोन्हींच्या सीमेवर येतो व तेथे प्रत्यक्ष तारीख पाहावी लागते. म्हणून केवळ जन्मशक दिला असेल आणि महिना दिला नसेल, तर इसवी वर्ष निश्चित सांगता येत नाही.

या संदर्भात छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचे उदाहरण महत्त्वाचे आहे. जुन्या परंपरेनुसार त्यांचा जन्म वैशाख शुद्ध २ शके १५४९, म्हणजे ६ एप्रिल १६२७ रोजी झाला असे मानले जात होते. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीमध्ये फाल्गुन वद्य ३ शके १५५१, शुक्ल संवत्सर, अशी नोंद मिळाली. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यातही हीच तिथी आढळली. दीर्घकाळ चाललेल्या वादानंतर २००१ साली महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृत म्हणून स्वीकारली. या ठिकाणी १५५१ मध्ये ७८ मिळविल्यास १६२९ हे वर्ष येते. जन्म फाल्गुनातील असल्यामुळे ७९ मिळवून १६३० हे वर्ष धरावे लागते. साठ संवत्सरांच्या चक्रातील नाव हे अशा वेळी पडताळ्याचे उपयुक्त साधन ठरते. शके १५४९ प्रभव, तर शके १५५१ शुक्ल. त्यामुळे आकडा लिहिताना लेखनिकाची चूक झाली असल्यास संवत्सराचे नाव ती उघड करू शकते.

आता वयाचा विचार करू. महाराजांचे निधन चैत्र शुद्ध १५ शके १६०२, म्हणजे ३ एप्रिल १६८० रोजी झाले. शकांची वजाबाकी केल्यास १६०२ उणे १५५१ बरोबर ५१ येतात. प्रत्यक्षात फाल्गुन वद्य तृतीयेस पन्नास वर्षे पूर्ण होऊन त्यानंतर एक महिनाही उलटला नव्हता; केवळ मध्ये पाडवा येऊन गेल्यामुळे शकाचा आकडा एकाने वाढला. इसवी सनाची वजाबाकी येथे ५० हे उत्तर बरोबर देते. उलटपक्षी शके १५४९ ची जुनी तिथी धरली, तर शकांची वजाबाकी आणि इसवी सनाची वजाबाकी दोन्ही ५३ देतात. पण वैशाख शुद्ध द्वितीया अद्याप यावयाची असल्यामुळे पूर्ण झालेली वर्षे ५२ च भरतात. सारांश, कोणती वजाबाकी बरोबर येईल हे जन्म व मृत्यू यांच्या महिन्यांवर अवलंबून असते. वर्षाच्या आकड्यावर नव्हे.

ख्रिस्ती तारखांबाबतही सावधगिरी आवश्यक आहे. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्यूलियन पद्धतीची असून ग्रेगोरियन पद्धतीने तोच दिवस १ मार्च १६३० येतो. शिवाय इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी कायदेशीर वर्षारंभ २५ मार्चला होत असे. सुरतेच्या इंग्रज वखारीच्या कागदपत्रांत जानेवारी १६६४ मधील शिवाजी महाराजांच्या स्वारीचे वर्ष त्यामुळे १६६३ असे पडू शकते. जन्मतारीख एका पद्धतीची आणि मृत्यूची तारीख दुसऱ्या पद्धतीची घेऊन वय काढले, तर वाढदिवसाच्या आसपासच्या घटनांमध्ये एका वर्षाची चूक सहज होते. शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि रॉबर्ट स्यूएल यांनी १८९६ साली भारतीय पंचांगावरील आपला संयुक्त ग्रंथ प्रसिद्ध केला, तो अशा रूपांतराच्या अडचणी दूर करण्यासाठीच.

हिजरी वर्ष आणि वयाची वाढ

फार्सी साधनांतील वये शब्दशः स्वीकारण्यात याहून मोठा धोका आहे. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र असून त्यात अधिक मास नसतो. ते सुमारे ३५४ दिवसांचे असते. त्यामुळे साधारणतः ३२ सौर वर्षांत ३३ हिजरी वर्षे होतात. औरंगजेबाचा जन्म १५ जिल्काद १०२७ हिजरी रोजी झाला आणि मृत्यू अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे २८ जिल्काद १११८ हिजरी रोजी झाला. हिजरी गणनेने त्याचे वय ९१ वर्षे व १३ दिवस भरते. हेच दिवस ग्रेगोरियन पद्धतीने ३ नोव्हेंबर १६१८ आणि ३ मार्च १७०७ असे येतात. म्हणजे सौर गणनेने वय ८८ वर्षे व ४ महिने होते. एकाच मनुष्याच्या आयुष्यात जवळजवळ तीन वर्षांचा फरक केवळ गणनापद्धतीमुळे पडतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक होते ती एका गणनेतील वय दुसऱ्या गणनेतील जन्मवर्षात मिळविताना.

मराठी दप्तरांत वापरला गेलेला सुहूर सन हा नावाने अरबी असला तरी तो सौर असून मृग नक्षत्राच्या आरंभी, मे अखेर वा जूनच्या आरंभी, सुरू होतो. त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ व जानेवारीपासून मेपर्यंत ६०० मिळवावे लागतात. म्हणून सुहूर सनास हिजरीचे नियम लावणे किंवा हिजरीस सुहूरचे नियम लावणे दोन्ही अनुचित होय.

'वर्षी' या शब्दाचा अर्थ

मराठी भाषेतील एका प्रयोगाकडेही लक्ष देणे आवश्यक आहे. 'वयाच्या बाविसाव्या वर्षी' या प्रयोगाचा अर्थ बावीस वर्षे पूर्ण झाली असा नसून एकवीस पूर्ण होऊन बाविसावे चालू आहे असा आहे. बोलीत 'बाविसावे लागले' आणि 'बाविसावे सरले' असा स्पष्ट भेद केला जातो. लेखनात मात्र तो हरवतो. डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा आणि मृत्यू २६ फेब्रुवारी १८८७ चा. त्यांना बावीस वर्षे पूर्ण झाली नव्हती. त्या बाविसाव्या वर्षी निवर्तल्या हेच म्हणणे योग्य. गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ चा व मृत्यू १७ जून १८९५ चा. वजाबाकी ३९ येत असली तरी त्यांची ३८ वर्षेच पूर्ण झाली होती.

संत ज्ञानेश्वरांच्या बाबतीत हा भेद जन्मशकाच्या वादात मिसळतो. त्यांच्या जन्माविषयी शके ११९३ आणि शके ११९७ अशा दोन परंपरा आहेत. समाधी कार्तिक वद्य १३ शके १२१८ ची मानली जाते. जन्म श्रावण वद्य अष्टमीचा धरल्यास पहिल्या परंपरेने पंचवीस व दुसरीने एकवीस वर्षे पूर्ण होतात. 'एकविसाव्या वर्षी समाधी' हे रूढ विधान दुसऱ्या परंपरेनेही काटेकोर ठरत नाही, कारण त्या वेळी बाविसावे वर्ष चालू होते. ज्ञानेश्वरीच्या समाप्तीचा शक १२१२ असल्याने ग्रंथरचनेच्या वेळचे वय पहिल्या परंपरेने अठरा-एकोणीस, तर दुसरीने चौदा-पंधरा ठरते. ग्रंथकर्त्याच्या प्रज्ञेविषयीची आपली कल्पना या चार वर्षांनी बदलते. म्हणून वय सांगताना ते कोणत्या परंपरेने काढले आहे याचा निर्देश केल्याशिवाय विधान पूर्ण होत नाही.

वंशावळीतील पिढी

पिढी हा शब्द मराठीत प्रथमतः नात्याचा वाचक आहे. श्राद्धातील तीन पिढ्या, सापिंड्याच्या सात पिढ्या किंवा वतनाच्या वादात सांगितली जाणारी वंशावळ, या सर्व ठिकाणी मोजले जाते ते पिता-पुत्रांचे अंतर. वतनदारांच्या करिन्यांतून आणि वंशावळींतून काळ ठरविताना अभ्यासक दर पिढीस पंचवीस वर्षे धरतात. अन्य साधन नसेल तेथे हा अंदाज उपयोगी पडतो. परंतु त्याची मर्यादा किती आहे हे ज्या घराण्याच्या तारखा निश्चित आहेत अशा घराण्यावर तपासून पाहणे इष्ट ठरते. त्यासाठी पेशवे घराणे अतिशय सोयीचे आहे.

थोरल्या बाजीरावांचा जन्म १७०० सालचा. त्यांचे पुत्र नानासाहेब १७२०, नातू नारायणराव १७५५ आणि पणतू सवाई माधवराव १७७४. या शाखेत ७४ वर्षांत तीन पिढ्यांचे अंतर पडते. सरासरी सुमारे पंचवीस वर्षे. मात्र ही सरासरी वीस, पस्तीस आणि एकोणीस अशा तीन अगदी विषम अंतरांची आहे. दुसऱ्या शाखेत बाजीरावांचे पुत्र रघुनाथराव १७३४ आणि नातू दुसरे बाजीराव १७७५. येथे ७५ वर्षांत केवळ दोनच पिढ्या होतात. सरासरी साडेसदतीस वर्षे. एकाच पूर्वजापासून निघालेल्या दोन शाखांत जवळजवळ समान काळात एका शाखेत तीन व दुसरीत दोन पिढ्या झाल्या.

याचा परिणाम असा की १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर जन्मलेले सवाई माधवराव आणि १० जानेवारी १७७५ रोजी धार येथे जन्मलेले दुसरे बाजीराव या दोघांचा जन्मशक १६९६ हा एकच आहे. नात्याने मात्र नऊ महिन्यांनी लहान असलेले बाजीराव हे मोठ्या सवाई माधवरावांचे चुलत चुलते लागतात. भोसले घराण्यातही राजाराम महाराज (१६७०) व त्यांचे पुतणे शाहू महाराज (१६८२) यांच्यात बाराच वर्षांचे अंतर होते. थोडक्यात, समान जन्मवर्ष म्हणजे समान पिढी असे वंशावळीत म्हणता येत नाही आणि भिन्न पिढी म्हणजे वयात मोठे अंतर असेही गृहीत धरता येत नाही.

अधिकारपदाच्या परंपरेला पिढ्या समजणे ही तर आणखी गंभीर चूक होय. १७१३ ते १८१८ या १०५ वर्षांत सर्वसाधारणपणे आठ पेशवे गणले जातात. त्यांना आठ पिढ्या मानून पंचवीसने गुणल्यास २०० वर्षे येतात. प्रत्यक्षात हे आठ पुरुष पाचच पिढ्यांतील होते, कारण पद भावाकडून भावाकडे, पुतण्याकडून चुलत्याकडे असेही जात राहिले. ज्या प्राचीन राजवंशांच्या केवळ नामावळी उपलब्ध आहेत, त्यांचा काळ ठरविताना हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवणे अगत्याचे आहे.

समवयस्कांची पिढी

एकोणिसाव्या शतकापासून पिढी हा शब्द समकालीन, समवयस्क लोकांचा समूह या अर्थानेही रूढ झाला. या अर्थाची शास्त्रशुद्ध चर्चा जर्मन समाजशास्त्रज्ञ कार्ल मॅनहाइम यांनी १९२८ च्या आपल्या निबंधात केली. त्यांच्या मते एका काळात जन्म होणे ही केवळ संभाव्यता आहे. समान ऐतिहासिक घडामोडींत प्रत्यक्ष सहभागी झाल्याने पिढी साकार होते, आणि त्याच पिढीत त्या घडामोडींना परस्परविरोधी प्रतिसाद देणारे गट निर्माण होतात.

या विवेचनाचे महाराष्ट्रातील उत्तम उदाहरण म्हणजे आगरकर आणि टिळक. आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा व टिळकांचा २३ जुलै १८५६ चा. अंतर नऊ दिवसांचे. दोघेही डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी, दोघेही न्यू इंग्लिश स्कूल, 'केसरी' आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटी यांच्या उभारणीतील सहकारी. तथापि १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला व १८८८ मध्ये 'सुधारक' सुरू केला. १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकावर हे दोन समवयस्क परस्परांच्या विरुद्ध बाजूंना उभे राहिले. टिळकांनी विधेयकास विरोध केला. आगरकरांनी त्याचा पुरस्कार केला. त्या प्रश्नावर चौतीस वर्षांचे आगरकर हे आपल्या समवयस्क मित्रापेक्षा एकोणपन्नास वर्षांच्या न्यायमूर्ती रानड्यांच्या व त्रेपन्न वर्षांच्या डॉ. रा. गो. भांडारकरांच्या अधिक जवळ होते. जन्मवर्षावरून विचारांचे अनुमान काढण्याची मर्यादा याहून स्पष्ट करणारे उदाहरण क्वचितच मिळेल.

अलीकडे प्रचारात आलेली 'बेबी बूमर', 'मिलेनियल' इत्यादी नावे याच कसोटीवर तपासली पाहिजेत. १९४६ ते १९६४ हा पहिल्या गटाचा काळ दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत वाढलेल्या जन्मदरावरून ठरला आहे. महाराष्ट्रातील त्याच वयाच्या माणसांच्या जडणघडणीत स्वातंत्र्य, १९६० ची राज्यनिर्मिती, १९७२ चा दुष्काळ या घटनांचा वाटा होता. मराठी साहित्यातील 'साठोत्तरी' ही संज्ञा लेखकांच्या जन्मवर्षावरून नव्हे, तर त्यांच्या लेखनाच्या काळावरून पडली, हे या दृष्टीने लक्षणीय आहे.

ज्यांचे जन्मवर्षच नोंदले गेले नाही

आतापर्यंतची उदाहरणे राजघराण्यांतील, संतपरंपरेतील वा सुशिक्षित वर्गातील आहेत. हे अकारण नाही. ज्यांच्या घरी जन्मपत्रिका मांडली जात होती किंवा ज्यांच्या जन्माची शकावलीत नोंद घेतली जात होती, त्यांच्याच वयाविषयी वाद घालता येतो. बहुसंख्य शेतकरी, कारागीर व अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातींतील स्त्री-पुरुषांचे जन्मवर्ष कोठेही लिहिले गेले नाही. शकावल्यांतून स्त्रियांच्या जन्मतिथी अभावानेच आढळतात. त्यांचे वय दुष्काळ, पूर, प्लेग अशा घटनांच्या आधारे सांगितले जाई.

संमतिवयाच्या कायद्याने ही उणीव केवळ अभ्यासाची राहू दिली नाही. १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारा वर्षे करण्यात आले. कायद्याने बारा वर्षे पूर्ण होण्यास गुन्ह्याची सीमा ठरविले. पण ज्या मुलींच्या संरक्षणासाठी तो होता, त्यांपैकी बहुतेकींच्या वयाचा लेखी पुरावाच अस्तित्वात नव्हता. जन्ममृत्यू नोंदणीचा १८८६ चा कायदा त्या मुलींच्या जन्मानंतरचा होता आणि त्याने नोंदणी सार्वत्रिक झाली नाही. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलींसाठी चौदा व मुलांसाठी अठरा ही विवाहाची वयोमर्यादा घातली, तेव्हाही हीच अडचण कायम होती. वय माहीत नसणे हे अशा प्रसंगी त्या मुलीच्या विरोधात जाणारे होते.

जनगणनेच्या कोष्टकांत या अज्ञानाचा ठसा स्पष्ट उमटतो. वय नेमके ठाऊक नसणारी माणसे वीस, पंचवीस, तीस असे आकडे सांगतात आणि शून्य व पाच या अंकांनी संपणाऱ्या वयांवर लोकसंख्येचे ढीग दिसतात. लोकसंख्याशास्त्रात याचे मापन व्हिपल निर्देशांकाने केले जाते. २३ ते ६२ या वयोगटात असा पक्षपात नसल्यास तो १०० येतो आणि सर्वांनीच शून्य वा पाचने संपणारी वये सांगितल्यास ५०० येतो. महाराष्ट्रातील शाळांच्या सर्वसाधारण नोंदवह्यांत १ जून या जन्मतारखेची जी गर्दी आढळते, तिचे कारणही हेच. प्रवेशाच्या वेळी शिक्षकांनी अंदाजाने वय ठरवून शैक्षणिक वर्षाच्या आरंभाची तारीख लिहिली आणि पुढे तीच नोकरी, सेवानिवृत्ती व निवृत्तिवेतन यांचा आधार झाली. अशा तारखेवरून काढलेले वय प्रशासनाच्या दृष्टीने अचूक असले, तरी चरित्रकाराने ते त्याच अचूकतेने स्वीकारणे धोक्याचे आहे. १९६९ च्या कायद्याने जन्मनोंदणी देशभर सक्तीची केली आणि २०२३ च्या दुरुस्तीने, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्यांसाठी, जन्मदाखला हा शाळाप्रवेशासह अनेक कामांसाठी जन्मतारखेचा एकमेव पुरावा ठरविला. वयाची निर्विवाद नोंद ही सर्वसामान्यांसाठी किती अलीकडची गोष्ट आहे, हे यावरून ध्यानात येते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, केवळ जन्मवर्षावरून वय काढल्यास उत्तरात एका वर्षाची अनिश्चितता राहतेच. महिना व कालगणना यांचा निर्देश करूनच वय सांगितले पाहिजे. दुसरा, चांद्र हिजरी वर्षातील वय सौर वर्षात रूपांतरित केल्याशिवाय अन्य व्यक्तींच्या वयाशी तुलना करू नये. तिसरा, दर पिढीस पंचवीस वर्षे हा अंदाज अनेक पिढ्यांच्या सरासरीपुरता मर्यादित असून एखाद्या व्यक्तीचा काळ त्यावरून निश्चित करता येत नाही. अधिकारपदाची नामावळ ही तर वंशावळच नव्हे. चौथा, समान जन्मवर्षावरून समान विचार गृहीत धरता येत नाही. पाचवा, जन्मवर्षाची नोंद असणे हीच मुळात सामाजिक स्थानाची खूण होती. ज्यांचे वय नोंदले गेले त्यांच्यासाठी अभ्यासकाने काटेकोर गणित करावे. ज्यांचे नोंदले गेले नाही त्यांच्यासाठी 'अंदाजे' हा शब्द प्रामाणिकपणे लिहावा आणि तो का लिहावा लागला याचेही कारण द्यावे. ते कारण हाही इतिहासाचाच भाग आहे.